काळ्या काचेवरचा आमचूर

भाकरी मी थेट काचेवर ठेवली, तिच्यावर ठेचा वाढून घेतला आणि सगळ्या गावासमोर पहिला घास मोडला.

हिंगणपाड्याच्या शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली होती. वर्गातली दोन बाकं एकमेकांना जोडून त्यांच्यावर आडवी ठेवलेली काळी काच, म्हणजे एक सौर पॅनल, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. तिच्यामागे खुर्चीवर मी, भाग्यश्री नेरकर. वय चोवीस, एम.एस्सी. केमिस्ट्री, गावाच्या माळावर नव्यानं उभ्या राहिलेल्या सौर प्रकल्पाची पर्यावरण आणि सुरक्षा अधिकारी. नोकरीला लागून पुरते चार महिने झाले नव्हते.

काचेवर जेवायची कल्पना माझी नव्हती. ती आमच्या प्रकल्पाचे प्रमुख कामेरकर साहेब यांची होती. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुठल्याशा साप्ताहिकात छापून आलं होतं, की या पातळ थराच्या पॅनलमध्ये कॅडमियम नावाचं विष असतं. त्या बातमीचं कात्रण गावात हातोहात फिरत होतं.

"आकडे सांगशील तर कोणाला कळणार नाहीत," साहेब म्हणाले. "जेवून दाखव."

मी जेवले. जेवता जेवता समजावूनही सांगितलं. दोन काचांच्या मध्ये कॅडमियम टेल्युराइडचा थर आहे, केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. मिठात सोडियम असतं आणि क्लोरीन असतं, दोन्ही वेगवेगळी घातली तर माणूस मरेल, पण एकत्र आली की आपण त्यांना वरणात घालतो. तसंच हे. हे उदाहरण मला फार आवडायचं. लोकांनाही आवडलं. माना डोलल्या.

मग बायकांच्या घोळक्यातून एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई उभी राहिली. पासष्टीची असावी. डोक्यावरचा पदर तिनं कानामागे खोचला होता.

"ताई, अख्खी काच शे, म्हनीसन तू जेवतेस," ती म्हणाली. "फुटनी तर?"

"फुटत नाही मावशी. गारांचा मारा करून तपासलेली आहे. प्रमाणपत्र आहे."

"पन फुटनी तर?"

"तुम्ही फोडणार आहात का?" मी विचारलं.

पटांगण हसलं. सरपंच तर मांडीवर थाप मारून हसले. ती बाई एकटी हसली नाही. माझ्याकडे नीट बघून खाली बसली. ती जतनबाई कुवर, गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष, हे मला नंतर समजलं. त्या सभेत तेवढा एकच प्रश्न खऱ्या अर्थानं विचारला गेला होता, आणि मी त्याच्यावर हशा मिळवला.

मार्चच्या सतरा तारखेला दुपारी साडेतीनला गारा आल्या. पेरूएवढ्या. वीस मिनिटं पडल्या असतील. आम्ही कंट्रोल रूमच्या छताखाली उभे होतो आणि समोरच्या माळावर ताटं आपटल्यासारखा आवाज चालला होता. गारा थांबल्यावर मी वही घेऊन रांगांमधून फिरले. अकराशेच्या वर काचा गेल्या होत्या. काहींचा चुरा झाला होता, काहींचा नुसता कोपरा उडाला होता.

फुटलेलं पॅनल बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवायचं, तिथे काच वेगळी, धातू वेगळे काढतात, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं. पण त्यासाठी प्रत्येक तुकडा खोक्यात भरायचा, कागद करायचे, ट्रक मागवायचे. आणि पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातून मोठे साहेब पाहणीला येणार होते.

"चुरा झालेल्या काचा ताडपत्रीखाली ठेवू," कामेरकर साहेब म्हणाले. "कोपरा गेलेल्या जवळपास चारशे आहेत. गावात मागणी आहे. सरपंच दोनदा विचारून गेले."

"सर, त्या परत पाठवायला पाहिजेत."

त्यांनी विल्हेवाटीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. तीन रकाने होते. पुनर्चक्रण, सुरक्षित भराव, पुनर्वापर. साहेबांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा शब्द फॉर्ममध्ये आपण घातलाय का? सरकारनं घातलाय. आणि तूच तर गावाला सांगितलंस, काही होत नाही म्हणून. जेवलीस त्यावर. आता तुझाच तुझ्या बोलण्यावर विश्वास नाही?"

याला उत्तर होतं. मला ते त्या क्षणी सुचलं नाही, किंवा सुचलं तरी नोकरी नवी होती. मी तिसऱ्या रकान्यात खूण केली, खाली सही केली. सही करताना जतनबाईची आठवण झाली नाही, हे मी कबूल करते.

चारशे बारा काचा गावात गेल्या. वाटपाचा फोटो निघाला, सरपंचांनी साहेबांना हार घातला. महिनाभरात गावाचं रूपच पालटलं. गोठ्यांवर काळी छपरं आली, न्हाणीघरात काळी फरशी आली, स्वयंपाकघरात चकचकीत काळे ओटे आले. अंगणवाडीच्या ताईंनी तर फळा करून भिंतीला लावला. आमच्या अहवालात या सगळ्याला 'स्थानिक पुनर्वापराचा आदर्श' म्हटलं होतं. ते वाक्य मी लिहिलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी बोअरच्या पाण्याचे नमुने घ्यायला गावात गेले. दर महिन्याला जायचे. जतनबाईच्या घराशेजारून जाताना कैरीचा आंबट वास आला आणि वर पाहिलं. तिच्या धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, काळ्या काचा ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांच्यावर पांढऱ्या-हिरव्या फोडी.

मी न विचारताच जिना चढले.

वर जतनबाई उकिडवी बसून फोडी उलटत होती. तिच्यासोबत गटाच्या आणखी दोघी होत्या. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, फुटक्या कोपऱ्यापर्यंत खेटून पसरलेल्या. फोडींना पाणी सुटलं होतं आणि ते काचेच्या तड्यांमधून झिरपत होतं.

"ये बैन, बस," जतनबाई म्हणाली. ती माझ्याशी अर्धी अहिराणी आणि अर्धी मराठी बोलायची. "तुन्ही काच भारी शे. आमचूर सुकायला आठ दिवस लागायचे, आता तीन दिवसात कडक. काळी ना, तापते."

"मावशी, तुम्हीच तर या काचेला नाही म्हणत होतात."

"हाव. मग तू जेवलीस. महिना झाला, दोन महिने झाले, तुला काही झालं नही. म्हटलं, पोर शिकलेली शे, आपनच अडानी." तिनं एक फोड उचलून माझ्यापुढे धरली. "खाय."

मी ती हातात घेतली. खाल्ली नाही. रसायनशास्त्रातली जी गोष्ट मी ग्रामसभेत सांगितली नव्हती, ती माझ्या तळहातावर होती. तो थर पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालतं. आंबट पाण्यात विरघळतो. हळूहळू, थोडा थोडा, पण विरघळतो. आणि कॅडमियम एकदा पोटात गेलं की बाहेर पडायला वर्षानुवर्षं घेतं. तोवर मूत्रपिंडात बसून राहतं.

ती फोड आणि फुटक्या कोपऱ्याजवळच्या, मधल्या भागातल्या आणखी काही फोडी वेगवेगळ्या पुड्या करून मी रुमालात बांधल्या. "तपासून आणते," एवढंच म्हटलं.

"चवीला?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तो हो होता की नाही, मलाही ठाऊक नाही.

धुळ्याला माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी दोनदा तपासलं. मग मला बाहेर बोलावून विचारलं, "हे कोणी खातंय का?" फुटक्या कोपऱ्याजवळच्या फोडींमध्ये कॅडमियम मर्यादेच्या सहापट होतं. मधल्या भागातल्यांमध्ये जवळजवळ नव्हतं. म्हणजे मी सभेत खोटं बोलले नव्हते. अख्ख्या काचेबद्दल मी बोललेला शब्द न् शब्द खरा होता.

कागद घेऊन मी कामेरकर साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"काचा परत मागवून घे," ते म्हणाले.

"नोटीस काढू या का सर?"

"नोटीस? त्यात काय लिहिणार? विष आहे? उद्या गाव गेटवर बसेल, परवा प्रकल्प बंद. तू अशीच फिर, गोड बोलून मागून घे. हा कागद कोणाला दाखवू नकोस."

मी पाच दिवस घरोघर फिरले. धोका फार मोठा नाही, पण फुटकी काच खाण्यापिण्याच्या जवळ नको, आंबट तर अजिबात नको, छपरावरचीही पावसाआधी काढलेली बरी, आम्ही नीट जागी पाठवू, असं शांतपणे सांगत. माझं बोलणं तंतोतंत खरं होतं. त्यामुळेच असेल, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

"म्हणजे विष शे का नही शे? एक काय ते सांग," एकजण म्हणाला.

"तुम्ही तर जेवलात यावर," दुसऱ्या घरात म्हणाले.

तिसऱ्या घरातल्यांनी तर डाव लगेच ओळखला. "कंपनीला आता काचा परत पाहिजेत. म्हणजे नक्की महाग असनार." आणि त्यांनी ओट्यावर नवी गोधडी पसरली, काच दिसू नये म्हणून.

पाच दिवसांत अकरा काचा परत आल्या. त्यातल्या चार तर फुटून तुकडे झालेल्या, म्हणजे नाहीतरी टाकायच्याच होत्या.

सहाव्या दिवशी मी कागद पर्समध्ये घातला आणि जतनबाईकडे गेले. ती ओसरीवर एकटी होती. आमचूर पोत्यांत भरून झाला होता, सहा पोती भिंतीला टेकून उभी. मी तिला कागद वाचून दाखवला. आकडे नाही, अर्थ. हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंड निकामी होतं, लगेच नाही, पण होतं.

तिनं पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तू सभेत सांगितलं, ते खोटं होतं का?"

"खरं होतं. पण अख्ख्या काचेचं होतं."

"आनि फुटकीचं?"

"ते कोणी..." मी म्हणायला गेले आणि थांबले.

"मी विचारलं होतं," जतनबाई म्हणाली.

मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. पाणीही दिलं नाही. माझं आवरल्यावर तिनं सरळ कामाचं विचारलं, "बाजारात दोन पोती गेली परवा. त्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती नंदुरबारला गेली. व्यापाऱ्याला सांगितलं, मालात कीड निघाली, परत दे. दीड पोतं परत आलं. उरलेलं अर्धं पोतं कोणत्या दुकानात, कोणाच्या आमटीत गेलं, ते व्यापाऱ्याला सांगता आलं नाही. त्या अर्ध्या पोत्याचा विचार मी अजूनही करते.

परत आल्यावर तिनं मला निरोप धाडून बोलावलं. "सगळा माल टाकायचा," ती म्हणाली. "पन हा कागद तू गावात काढायचा नही."

"मावशी, लोकांना सांगायला हवं."

"सांगितलं तू. पाच दिवस फिरलीस. किती आल्या काचा?"

"अकरा."

"आनि हा कागद फिरला, तर चाळीस बायांचा आमचूर कायमचा गेला. पुढच्या साली चांगल्या जागी सुकवला तरी कोनी घेनार नही. विषारी गाव म्हनतील." तिनं पदर खोचला. "काचा मी आनवते. तू फक्त गप बस. गप बसता येतं ना तुला?"

मी गप्प बसले. एका रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीनं, हातात अहवाल असताना, गप्प बसायचं ठरवलं. माझ्याकडे दुसरा चांगला उपाय होता असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही ठामपणे वाटत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी प्रकल्पावर आले तर गेटसमोर बैलगाड्या, हातगाड्या, ट्रॅक्टर. माणसं काचा उतरवत होती, घाईघाईनं, अंगाला लागू न देता. गोठ्याची छपरं आली, न्हाणीच्या फरशा आल्या, ओटे सिमेंटसकट उखडून आले. अंगणवाडीचा फळाही आला, त्याच्यावर अजून क, का, कि लिहिलेलं होतं.

"काय झालं?" मी एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं.

त्यानं माझ्याकडे चिडून पाहिलं. "तुम्ही तर सांगनार नही. अहो, ही काच वीज ओढते ना? अख्खी असली तर सूर्यातली ओढते. फुटकी असली तर तिला सूर्य धरता येत नही, मग ती ढगातली ओढते. आता वळवाचे ढग येऊन राहिले. घरावर पडली म्हंजे?"

मी तोंड उघडलं. ट्रॅक्टरच्या पलीकडे जतनबाई उभी होती, स्वतःच्या सहा काचा हातगाडीवर घेऊन. तिनं माझ्याकडे फक्त पाहिलं. मी तोंड मिटलं.

दोन दिवसांत काचा जमा झाल्या. मी मोजल्या. आम्ही दिल्या होत्या चारशे बारा. अकरा आधी आलेल्या धरून परत आल्या चारशे सव्वीस. जास्तीच्या चौदा कुठून आल्या याची चौकशी करायला कामेरकर साहेबांनी मनाई केली, कारण त्यातल्या नऊ पूर्ण अख्ख्या होत्या.

गेटसमोरच्या ढिगाचा फोटो जिल्ह्याच्या पानावर आला. त्यानंतर मात्र खोकी आली, कागद झाले, ट्रक आले. ताडपत्रीखालचा चुराही गेला. शेवटच्या ट्रकमध्ये मी सात पिंपं चढवली, बंद करून, 'दूषित पदार्थ' अशी चिठ्ठी लावून.

"या पिंपांना आंबट वास का येतोय?" साहेबांनी नाक आक्रसून विचारलं.

"अभिक्रिया झाली असेल सर," मी म्हटलं.

पुढच्या जानेवारीत पुण्याला एका मोठ्या हॉटेलात कंपनीला पुरस्कार मिळाला. फुटलेल्या पॅनलचं शंभर टक्क्यांहून अधिक संकलन, असं काही देशात कुठे झालं नव्हतं. मानपत्र वाचणाऱ्या बाईंनी माझं नाव घेतलं. 'शास्त्रीय जनजागृतीच्या माध्यमातून', असे शब्द होते. मी मंचावर गेले, ढाल घेतली, फोटो काढला. साहेबांची बढती झाली, माझीही झाली, आणि मी हिंगणपाडा सोडला.

याला तेरा वर्षं झाली.

आता मी घरांच्या छपरावर सौर पॅनल बसवायच्या योजनेत काम करते. गावोगावच्या अर्जांची यादी माझ्या टेबलावर येते. गेल्या वर्षी त्या यादीत एका गावापुढे शून्य दिसलं. आजूबाजूच्या पाड्यांवरून वीस, तीस, पन्नास अर्ज आले होते. हिंगणपाड्याचा एकही नव्हता. कारणाच्या रकान्यात आमच्या तिथल्या माणसानं लिहिलं होतं, 'ग्रामस्थांची वीज पडण्याबाबत धारणा.'

मी स्वतः गेले. माळावर प्रकल्प होता तसाच, कोसभर काळा चमकणारा. त्याच्या कुंपणाला लागून गाव, आणि गावात दुपारी वीज गेलेली. जतनबाई ओसरीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मला तिनं आवाजावरून ओळखलं.

"मावशी, तुम्ही तरी त्यांना सांगा ना, ती गोष्ट तुम्ही रचली होती म्हणून."

"सांगितलं," ती म्हणाली. "पाच वर्सांपासून सांगून राहिली. म्हनतात, म्हातारीले कंपनीनं काही दिलं."

संध्याकाळी पुन्हा त्याच पटांगणात सभा भरली. या वेळी मी काहीही खाल्लं नाही. उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझं जेवण, तिसरा रकाना, कैरीचं पाणी, अहवाल, अर्धं पोतं, माझं गप्प बसणं. नवीन पॅनल वेगळ्या प्रकारची आहेत, त्यात कॅडमियम नाही, तरीही फुटली तर ती घरात ठेवायची नाहीत, परत न्यायची जबाबदारी लेखी आमच्यावर आहे, हेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी या विषयावर काहीही न गाळता बोलले.

मग उपसरपंच उठली. योगिता वळवी नावाची तिशीतली मुलगी, त्या काळी शाळेत असणार.

"म्हणजे तेव्हा तुम्ही आमच्याशी खोटं वागलात?"

"हो."

"मग आत्ता तुम्ही खरं बोलताय, हे आम्ही कशावरून समजायचं?"

मी विचार केला. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, पण ते तेव्हाही होतं. "नाही सांगता येणार," मी म्हटलं.

जतनबाई काठी टेकत उभी राहिली. "ती विजेची आवई मी उठवली होती. मन्ही शप्पथ." लोक हसले, प्रेमानं हसले, म्हातारं माणूस म्हणून. तिला खाली बसवायला दोघी पुढे झाल्या. ती बसली नाही.

"मन्हा अर्ज लिही," ती मला म्हणाली.

"माय!" तिचा मुलगा मागून ओरडला.

"घर मन्हा नावावर शे," ती म्हणाली.

हिंगणपाड्याचा पहिला अर्ज त्या दिवशी बाकावर लिहिला गेला. एप्रिलमध्ये तिच्या धाब्यावर पॅनल चढलं. दुपारी वीज गेली की गावात फक्त तिच्या घरात पंखा फिरायचा, आणि त्याच्याखाली तिच्याशिवाय कोणी बसत नव्हतं. तिचा मुलगासुद्धा ढग आले की शेजारी जाऊन झोपायचा.

मेच्या चोवीस तारखेला ढग गडगडले आणि वीज पडली. जतनबाईच्या घरावर नाही. तिच्यापासून चार घरं सोडून, ग्रामपंचायतीच्या कडूनिंबावर. झाड उभं चिरलं. माणसाला काही झालं नाही.

मला तिचाच फोन आला. तिच्या आवाजात कंटाळा होता. "म्हनून राहिले, काचेनं वीज ओढली, पन नेम चुकला."

मी फोन ठेवला आणि त्या गावापुढचा आकडा एकाचा एकच राहणार, असं धरून चालले.

आठवड्यानं आमच्या तिथल्या माणसानं गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. हिंगणपाड्याचे अर्ज. त्रेपन्न. सर्वांत वरचा योगिता वळवीचा.

मी लगेच जतनबाईला फोन लावला. "मावशी, काय सांगितलंत लोकांना?"

"मी काही नही सांगितलं बैन. ही गोष्ट त्यांची त्यांनीच केली. म्हनतात, वीज मन्हा घराकडेच येत होती. काच दिसली आनि घाबरली. फिरून गेली निंबावर. आता बठ्ठ्यांना पाहिजे, सगळ्या गावाला."

ती फोनवरच हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. मलाही हसू आलं. नंतर किती तरी वेळ मी त्या गठ्ठ्यासमोर बसून होते. पॅनल वीज ओढत नाही आणि पळवतही नाही. हे मला गावात जाऊन सांगता आलं असतं. तिसरी सभा घेता आली असती. त्रेपन्नांपैकी किती उरले असते, याचा अंदाज मला होता.

मी गेले नाही. प्रत्येक अर्जाला मी एक जास्तीचा कागद जोडला. प्रत्येक घरावर पॅनलसोबत उंच तडितरक्षक हवा, जाड तांब्याची पट्टी जमिनीत खोल गेलेली हवी, त्याशिवाय काम पूर्ण धरू नये, असं लिहून खाली सही केली.

फाईल वर गेली आणि दुपारीच योजनेच्या साहेबांनी मला बोलावलं. "घरगुती जोडणीला एवढं लागत नाही, मॅडम. दुसऱ्या कुठल्याच गावाला तुम्ही हे लावलेलं नाही."

"या गावाला लागेल," मी म्हटलं.

"का? तिथे विजा जास्त पडतात?"

"नाही सर. घरावर वीज पडू नये म्हणून त्या लोकांनी अर्ज केलेत. तेवढं तरी खरं निघायला हवं."

साहेबांना काही समजलं नाही. त्यांनी सही मात्र केली.